खंडेनवमीचं घमेलं

निघोज्याच्या उपकेंद्रात खंडेनवमीचा नारळ हिंदुरावांनीच फोडायचा, असा काही सरकारी हुकूम नव्हता. पण ती रीत मोडायची कुणाची छातीही नव्हती. चाकणच्या कारखान्यांना वीज पुरवणारं हे उपकेंद्र उभं राहिलं तेव्हापासून हिंदुराव तिथे ऑपरेटर. साहेब आले आणि बदलून गेले, हिंदुराव खुर्चीला चिकटून राहिले. खंडेनवमीला ते ट्रान्सफॉर्मरला हळदीकुंकू वाहायचे, पॅनेलांना झेंडूच्या माळा घालायचे, नारळ एका फटक्यात फोडायचे आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा साहेबांच्या हातावर ठेवायचे. माण तालुक्यातून पोटासाठी आलेल्या या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठेच मिळाला नव्हता. चिखलीतल्या दोन खोल्यांच्या घरात तर त्यांना विचारून भाजीसुद्धा होत नसे.

त्या मानाला विजयश्रीची नजर लागली. निदान हिंदुरावांचं तसं ठाम मत होतं.

विजयश्री निघोज्याचीच पोरगी. घरची शेती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, त्या पैशांत भावांनी टेम्पो घेतले आणि ही इंजिनिअर झाली. दोन वर्षांपूर्वी उपकेंद्रात रुजू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी हिंदुरावांना वाकून नमस्कार केला आणि तेव्हापासून काका, काका करत मागे फिरू लागली. तिने उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

त्यातच ते नवं यंत्र आलं. त्याला सगळे पीएमयू म्हणत. दिसायला काळा, चपटा डबा, पण त्याचा थाट जावयाचा. त्याला स्वतंत्र खोली, आणि त्या खोलीला एसी. हिंदुरावांच्या डोक्यावर मात्र तोच कुरकुरणारा पंखा.

हे यंत्र करतं तरी काय, असं कुणी विचारलं की विजयश्री लेझमीचा दाखला द्यायची. तारांतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. साऱ्या राज्यातल्या उपकेंद्रांत हे हेलकावे एका तालात चालतात, पण कुणी किंचित पुढे असतं, कुणी किंचित मागे. लेझमीच्या लांब रांगेत एखाद्याचं पाऊल थोडं मागे पडलं तर खेळ निभावतो; फारच मागे पडत गेलं तर रांग तुटते. विजेची रांग तुटली तर जिल्हेच्या जिल्हे अंधारात. म्हणून ठिकठिकाणी हे डबे बसवलेले. प्रत्येक डबा आपल्या जागचं पाऊल क्षणाक्षणाला मोजतो, त्यावर आभाळातल्या उपग्रहाकडून मिळालेली वेळ टाकतो आणि मुख्य नियंत्रण कक्षाकडे धाडतो. तिथे सगळ्यांची एकाच क्षणाची पावलं शेजारी शेजारी मांडून बघतात.

"पण काका, घड्याळ सगळ्यांचं एकच पायजे," ती सांगायची. "एकाचं घड्याळ चुकलं की त्याचं पाऊल बरोबर असून चुकीचं दिसतंय."

हिंदुराव हे दुसरीकडे बघत ऐकायचे. ऐकायचे मात्र सगळं.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी पहिलं नाव हिंदुरावांचंच निघालं होतं. साहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा यांनी पाठदुखी पुढे केली. खरं कारण वेगळं होतं. कालच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसायचं आणि एखादं उत्तर चुकलं तर त्यांनी हसायचं, हे त्यांना नको होतं. मग ती जागा विजयश्रीला मिळाली. स्वतःच्या ताटातलं नको म्हणून सारायचं आणि तेच दुसऱ्याच्या पानात पडलं की डोळे फाडून बघत बसायचं, अशी ही तऱ्हा.

आणि बघण्यासारखं घडतही होतं. यंत्र पाहायला पुण्याहून, मुंबईहून पाहुणे यायचे. ते हिंदुरावांच्या टेबलासमोरून सरळ एसीच्या खोलीत जायचे. चहा आधी तिकडे जायचा. एकदा एका पाहुण्याने जाताना हिंदुरावांना विचारलं, "मॅडम कुठे बसतात?" त्या दिवशी हिंदुराव जेवले नाहीत. डबा तसाच परत गेला आणि सावित्रीबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, भाजी खारट झाली असेल असं समजून स्वतःलाच बोल लावला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यशवंतराव साहेबांनी हिंदुरावांना बोलावलं. साहेब भला माणूस.

"हिंदुराव, पूजा नेहमीसारखी तुमच्याच हातची. फक्त त्या नव्या यंत्राला हळदीकुंकू विजयश्रीला लावू द्या. पोरगी वर्षभर खपलीय त्याच्यासाठी."

"लावू दे की साहेब," हिंदुराव म्हणाले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आज हळदीकुंकू, उद्या नारळ. उंटाने तंबूत मान घातलीच होती.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी उपकेंद्रात हजर झाले. बेत साधा होता: ती यायच्या आत तिच्या यंत्राची पूजा उरकून टाकायची. पण एसीच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली विजयश्रीकडे. हिंदुराव हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभे राहिले. मग त्यांना गच्ची आठवली. यंत्राला वेळ आभाळातून मिळते आणि ती घेणारी वस्तू गच्चीवर आहे, असं विजयश्रीनेच कुणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं होतं. खालच्या डब्याचा जीव वरच आहे म्हणायचा! मग जिवाचीच पूजा करू, डब्याची तिला करू दे.

गच्चीच्या कठड्यापाशी वीतभर दांडीवर पालथ्या वाटीसारखी एक पांढरी टोपी बसवलेली होती. हिंदुरावांनी ती ओल्या फडक्याने पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढे गूळखोबरं ठेवलं. हात जोडले तेव्हा मनात एकच वाक्य होतं: आता बस म्हणावं माझ्या मागून पूजा करत.

पाठ वळताच कावळे उतरले. एकाने खोबरं पळवलं, दुसरा माळेला झोंबायला लागला. माळ गेली तर पहिली पूजा कुणाची, याचा पुरावाच गेला. पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी झाली होती, तिथलं एक लोखंडी घमेलं कोपऱ्यात पडून होतं. हिंदुरावांनी ते पांढऱ्या टोपीवर पालथं घातलं, वर एक वीट ठेवली आणि हात झटकत खाली आले.

पूजा झोकात झाली. विजयश्री नऊवारी नेसून आली होती. तिने आपल्या काळ्या डब्याला कुंकू लावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हिंदुराव मिशीतल्या मिशीत हसले. उष्ट्या देवाला नैवेद्य दाखव, पोरी.

खंडेनवमीला चाकणच्या पट्ट्यात एक गंमत होते. पूजेसाठी एकामागून एक कारखाने यंत्रं थांबवतात. तारांवरचा भार झरझर उतरतो आणि विजेचा दाब चढायला लागतो. प्रसाद वाटून झाला की पुन्हा सगळं एकदम चालू. त्यामुळे त्या दिवशी नियंत्रण कक्षातली मंडळी चाकणकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतात.

नेमका त्याच वेळी तिथून फोन आला. निघोज्याचं पाऊल इतरांपासून लांब लांब चाललंय, हे खरं आहे का? विजयश्री धावली. यंत्रावर तांबडा दिवा लागलेला. पूजेच्या गडबडीत आणि माळांच्या गर्दीत तो कुणाला दिसला नव्हता. उपग्रहाची वेळ मिळेनाशी झाली होती, डबा स्वतःच्या घड्याळावर रेटत होता आणि ते घड्याळ भरकटत चाललं होतं. नियंत्रण कक्षाने निघोज्याचे आकडे बाजूला सारले आणि जुनी पद्धत सुरू केली: फोनवर विचारायचं, ऑपरेटरने काट्याकडे बघून सांगायचं.

म्हणजे हिंदुरावांनी! फोन त्यांच्या टेबलावर खणखणू लागला. दाब किती, भार किती. हिंदुराव खणखणीत आवाजात सांगत होते, तिकडचे साहेब "शाब्बास, बघत राहा" म्हणत होते. मधूनच ते काचेतून एसीच्या खोलीकडे नजर टाकायचे. विजयश्री पदर खोचून वायरी तपासत होती, घामाने कुंकू ओघळलं होतं. हिंदुरावांना बरं वाटलं. लपवायचं कशाला, फार बरं वाटलं.

तेवढ्यात ती बाहेर आली आणि यशवंतरावांना म्हणाली, "वायरी सगळ्या ठीक हायेत साहेब. पण यंत्राला आभाळच दिसंना झालंय."

आभाळ! घमेलं! खाई त्याला खवखवे, म्हणून त्यांच्या एकट्याच्याच ते ध्यानात आलं. उठून वर जायला पाच मिनिटं लागली नसती. ते उठले नाहीत. फोन पुन्हा वाजला, त्यांनी पुन्हा आकडे सांगितले.

कारखाने पुन्हा सुरू झाले, दाब ठिकाणावर आला. निभावलं एकदाचं. पण वरून यशवंतरावांना चांगलाच रट्टा बसला होता, आणि भली माणसंही रट्टा खाल्ल्यावर कुणाला तरी पुढे देतातच.

"विजयश्री, ऐन वेळी दगा दिला तुझ्या यंत्राने. सकाळी येऊन एकदा बघितलं असतंस तर? साडीच्या नादात राहिलं वाटतं." मग ते वळले. "हिंदुराव, तुम्ही घेता का ताबा? शिकायला पाठवतो. वरही सांगतो, जुना माणूस आहे, डोळ्यांत तेल घालून सांभाळेल."

जे हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. हिंदुरावांनी विजयश्रीकडे बघितलं. आता ही रडेल. निदान तोंड तरी वाकडं करेल. तिने एवढंच केलं असतं तर शपथेवर सांगतो, हिंदुराव गप्प राहिले असते आणि निवृत्त होईपर्यंत एसीत बसले असते.

पण विजयश्रीने डोळे पुसले आणि म्हणाली, "चूक माझीच हाय साहेब. काका घेत असतील तर लई बरं होईल. त्यांच्याइतकी माया इथं कुणालाच न्हाई. मी शिकवीन की त्यांना, मला येतंय तेवढं."

मनापासून म्हणाली. आवाजात खोट शोधायला हिंदुरावांनी कान टवकारले होते, पण सापडली नाही. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हरतानासुद्धा हिला पोटात काही दुखू नये? ते ताडकन उठले, लोखंडी शिडीने गच्चीवर गेले आणि घमेलं घेऊन खाली आले. साहेबांच्या टेबलावर ते दणकन आपटलं.

"हे घ्या. मी घातलं हुतं त्या टोपीवर. सकाळी पूजा केली, कावळं माळ न्यायला लागलं म्हनून झाकून ठेवलं. तिची काय चूक न्हाई."

एसीच्या खोलीतला तांबडा दिवा थोड्या वेळाने विझला. यशवंतराव कपाळावर हात मारून हसायला लागले. "अहो, काय ही भक्ती! देवाला टोपडं घातलंत होय!" मग विजयश्रीला म्हणाले, "चुकलो गं पोरी. यंत्र तुझंच." सगळे हसत होते. हिंदुरावांच्या साधेपणाचं कौतुक चाललं होतं. विजयश्रीचे डोळे पुन्हा भरून आले, पण आता वेगळ्या कारणाने.

"काका, माझ्याबी ध्यानात न्हाई आलं गच्चीवरचं. तुमी तेवढ्या सकाळी येऊन पूजा केलीत!"

हिंदुरावांनी टेबलावरचं घमेलं उचललं आणि ते जागेवर ठेवायला निघून गेले.

दसऱ्याला ती चिखलीला घरी आली. हिंदुरावांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून पायाला हात लावला. सावित्रीबाईंना सगळी हकिकत रंगवून सांगितली, काकांची भक्ती, कावळे, घमेलं. चहा पिऊन, "येते काकी" म्हणून ती जिना उतरून गेली.

सावित्रीबाईंनी कपबशा उचलल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. लग्न झाल्यापासून या माणसाने घरातल्या देवाला कधी एक फूल वाहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"भक्ती?" त्या म्हणाल्या. "आता खरं काय ते सांगा."

"तिच्या आधी माजी पूजा व्हावी म्हनून केली."

"झाली की मग."

"झाली." हिंदुराव खिडकीशी गेले. खाली विजयश्री स्कूटी बाहेर काढत होती. वर बघून तिने हात हलवला, यांनीही हलवला. स्कूटी वळणाआड गेली तरी ते तिथेच उभे होते.

"सावित्रे, त्या पोरीला दुसऱ्याचं बरं झालेलं कधी खुपतच न्हाई गं," ते म्हणाले. "मला का न्हाई येत तसं?"