मडक्यावरची चिठ्ठी

तो उन्हाळा आणि ते तोंड बांधलेले मडके माझ्या मनातून अजून गेलेले नाही. नोकरीत मी पुष्कळ लिहिले, पण ते पंचनामे, जबाब आणि अहवाल. स्वतःविषयी लिहायला या वयात बसलो आहे आणि हात संकोचतो. या प्रकरणात खून नाही, दरोडाही नाही. एका हवालदाराने एक टोपली ठेवून घेतली होती, एवढीच घटना. वाचकांची निराशा झाल्यास क्षमा असावी. नावे मुद्दाम देत नाही. संबंधितांपैकी बहुतेक आज हयात नाहीत, आणि जो हयात आहे त्याचे नाव सांगण्याजोगे नाही.

त्या काळी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. माझे ठाणे आंजीच्या पुष्कळ पलीकडे, जंगलाच्या कडेला होते. मी ठाणेदार म्हणून नवा होतो. कॉलेजात शिकलेला, कायद्याची कलमे पाठ, पण चारचौघांत बोलायला बिचकणारा. माझा हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचा होता. त्याच्या पेन्शनीला चार महिने उरले होते आणि ते दिवस तो उघडपणे मोजत असे.

साहेबलोकांना सणावाराला फळांची, मिठाईची सजवलेली परडी पाठवायची, तिला आमच्याकडे ‘डाली’ म्हणत. ही रीत इंग्रजांबरोबर जायला हवी होती, ती गेली नव्हती. म्हणून कप्तानसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी, परिपत्रक काढले. कोणाकडूनही भेट घेऊ नये. नाकारणे शक्य नसेल तर वरिष्ठास त्वरित कळवावे. वरिष्ठाने ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद करावी आणि हुकूम होईपर्यंत वस्तू मालखान्यात, म्हणजे जप्तीच्या मालाच्या खोलीत, ठेवावी. दौऱ्यावर असताना कोणाच्या घरी फुकट जेवू नये. शिधा विकत घ्यावा आणि पावती घ्यावी. सकाळच्या हजेरीला मी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले.

एका शिपायाने विचारले, “साहेब, चहा भेटीत येते का जेवनात?”

“तू एका बैठकीत चार कप पेतं,” हवालदार म्हणाला. “तुह्यासाठी कप्तानसाहेबाले अलग कागद काढा लागन.”

सगळे हसले. मीही हसलो आणि परिपत्रक फाइलीला लावले.

वैशाखात एका गावच्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, बैलजोडी चोरीला गेली. मालगुजारी कायद्याने संपली होती, तरी गाव त्यांना मालगुजारच म्हणे. त्यांचा संशय एका गोंड तरुणावर होता. तो वर्षभर त्यांच्याकडे कामाला होता आणि नुकताच काम सोडून गेला होता. हवालदाराने तपास केला. चोरीच्या वेळी तो तरुण जंगलखात्याच्या लाकूडकटाईवर, दहा कोस दूर होता. तिथल्या हजेरीत त्याची नोंद होती आणि तीन मजुरांचे जबाब जुळत होते. हवालदाराने त्याला सोडून देण्याची शिफारस केली. कागद पाहून मी सही केली.

मालगुजारांना हे रुचले नाही. पुढचा तपास करण्यासाठी मी त्या गावी तीन दिवस मुक्कामाला गेलो. उतरायला मालगुजारांच्या घराखेरीज दुसरी जागा नव्हती. त्यांच्या ओसरीला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि त्यांवर सतत पाणी मारले जाई. बाहेर ऊन अंगाला चटके देत असताना आत तो ओला सुगंध होता. पहिल्याच दुपारी आंब्याच्या रसाचे जेवण झाले. हात धुताना मी शब्द जुळवून म्हणालो, “शिध्याची किंमत सांगा. मला पावती लागेल.”

मालगुजार मुनीमजींकडे पाहून हसले. “ऐकलं का मुनीमजी? साहेबाले रसाची पावती द्या. किती वाट्या झाल्या ते बी लिहा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो साहेब, तुमी आमच्या पोराच्या वयाचे. घरच्या जेवनाची काय रसीद असते?”

मी ओशाळलो. पुन्हा विचारले नाही. तीन दिवस जेवलो. चोराचा माग लागला नाही आणि मी ठाण्यावर परतलो.

महिन्याभराने वर्ध्याहून लखोटा आला. आत एक निनावी अर्ज होता आणि त्यावर कप्तानसाहेबांचा शेरा होता: चौकशी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावा. अर्जाची भाषा शुद्ध आणि अक्षर वळणदार होते. बैलचोरीतील संशयित आरोपीच्या आईकडून हवालदाराने ‘एक टोपली चारोळी व एक मडके मध’ लाच म्हणून घेतले आणि आरोपीस सोडले, असा आरोप होता. तो सिद्ध झाला असता तर हवालदार बडतर्फ झाला असता आणि पेन्शन बुडाली असती. एकतीस वर्षांची नोकरी एका टोपलीपायी जाणार होती.

मी त्याला समोर बसवले. तो बसायला तयार नव्हता, उभाच राहिला. मी अर्ज वाचून दाखवला.

“टोपली घेतली?”

“घेतली साहेब.”

“का घेतली?”

“परत करत होतो. बाई रडाले लागली. तिले वाटलं, टोपली वापस म्हन्जे सरकारचा राग गेला नाई, पोराले अजून चोरच समजून राह्यले. मंग ठेवून घेतली.”

“परिपत्रक माहीत होते?”

“तुमीच वाचलं होतं न साहेब.”

“वरिष्ठांना कळवले होते?”

आतापर्यंत तो भराभर उत्तरे देत होता. या प्रश्नाला मात्र थांबला. माझ्याकडे त्याने थोडा वेळ पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. आपले काही हरवले असेल तर आपण ते समोरच्याच्या चेहऱ्यावर शोधतो, तसे ते पाहणे होते.

“नाई म्हनून लिहा साहेब,” तो म्हणाला.

मी तसे लिहिले आणि त्याची सही घेतली. पुढे नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. भराभर बोलणारा माणूस ज्या प्रश्नाशी अडतो, तिथे प्रश्न दुसऱ्या बाजूने पुन्हा विचारायचा असतो. तेव्हा ते मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाच्या आईकडे गेलो. जंगलाच्या तोंडाशी आठ-दहा घरांची वस्ती होती. म्हातारी घरच्यांशी गोंडी बोले, माझ्याशी वऱ्हाडी बोलली. मी शिपायाला बाहेर थांबायला सांगितले, कारण दोन खाकी कपडे पाहून ती उभ्याउभ्या थरथरू लागली होती.

“माय, हवालदाराने तुझ्याकडे काही मागितले होते का?”

“नाई बाबा. मीच गेलती. माह्या पोराले त्यानं सोडोलं.”

“टोपलीत काय होते?”

“चारोळी होती. अन् मडक्यात मोहाचं तेल. बियाचं. मीच काढलं.”

“मध नव्हता?”

ती पहिल्यांदाच हसली. “मध कुठून आनू? झाडावर आता म्या चढू का?”

मी उठलो, तेव्हा ती आत जाऊन टोपली घेऊन आली. ती मला दाखवायची होती. हवालदाराला म्हातारी जमादार म्हणे. “जमादारानं वापस धाडली. पन खाली नाई धाडली. मीठ देल्लं, गूळ देल्ला. आता तूच सांग बाबा, त्याचं माह्यावर फिटलं का माह्यं त्याच्यावर?”

आपल्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, हे सांगायला नको. माझी आई तर शेजारणीच्या वाटीत काही नसले तर साखरेचे दोन दाणे टाकूनच ती परत पाठवीत असे. लाच घेणारा माणूस ही रीत पाळत नाही. पण अहवालात असे लिहिता येत नाही, म्हणून मी जबाबात फक्त ‘मीठ व गूळ दिला’ एवढे लिहिले.

परतीच्या वाटेवर सायकलवर मी एकाच गोष्टीचा विचार करीत होतो. देणारी तेल म्हणते. अर्ज करणारा मध म्हणतो. त्याने टोपली डोळ्यांनी पाहिली असती तर तेलच लिहिले असते. मग मध आला कुठून?

ठाण्यावर पोहोचताच हवालदाराला विचारले. आता तो कंटाळल्यासारखा दिसला.

“मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं. मले वाटलं मध हाय. मंग चार दिसानं मुंग्या नाई लागल्या म्हनून वास घेतला, तं तेल.”

“मध आहे, असे तुम्ही कोणाला सांगितले होते?”

“एकाच जागी बोललो साहेब.”

“कुठे?”

कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याने मालखाना उघडला. या खोलीची तपासणी मी दरमहा करीत असे, असे रजिस्टर सांगते. प्रत्यक्षात मी टेबलावरच सही करीत असे. वरच्या फळीवर, एका जप्त कुऱ्हाडीशेजारी, ते मडके आणि चारोळीची पुरचुंडी होती. चारोळीला जाळी धरली होती. मडक्याच्या गळ्याला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. त्याच्या जाड अक्षरात तारीख होती आणि खाली दोन ओळी होत्या:

‘ठाणेदारसाहेबांस तोंडी कळविले. हुकूम येणे बाकी.’

तारीख वाचली आणि मला सगळे एकदम आठवले. मालगुजारांच्या ओसरीवरची ती दुसरी दुपार. हवालदार ठाण्याचे टपाल घेऊन उन्हातून सायकलने आला होता. आम्ही पाटावर होतो. तो पायरीखाली उभा राहून म्हणाला होता, “साहेब, त्या पोराची माय आलती. टोपली ठेवून गेली. चारोळी हाय, मडक्यात मध हाय. नोंद कराची का कसं, तुमी सांगा.”

माझ्या वाटीत रस वाढला जात होता. मी म्हणालो होतो, “बघू, ठाण्यावर आल्यावर.”

मालगुजार म्हणाले होते, “हवालदार, सावलीत तं या.” मुनीमजी काहीच बोलले नव्हते. त्यांचे अक्षर मात्र वळणदार होते. मालगुजारांच्या मूळ फिर्यादीवर ते मी पूर्वी पाहिले होते आणि आता अर्जाशेजारी ठेवून पुन्हा पाहिले. संशयाला जागा उरली नाही. मध हा शब्द त्या ओसरीवर तिघांनीच ऐकला होता. मालगुजारांनी, मुनीमजींनी आणि मी.

“तुम्ही जबाबात नाही का म्हणालात?” मी विचारले.

“तुमी इचारून राह्यले होते, अन् तुमालेच आठवत नव्हतं,” हवालदार म्हणाला. “म्या सांगतलं असतं तं पेन्शनीसाठी साहेबावर ढकलते म्हनले असते. नव्या साहेबाले पहिल्याच वर्षी डाग कायले?”

मग म्हणाला, “मडकं तं होतंच वर. म्या म्हटलं, पाह्यतीन कधी तरी.”

अहवाल लिहायला मला तीन दिवस लागले. हवालदाराने भेट त्याच दिवशी वरिष्ठास कळवली होती, वस्तू मालखान्यात होती, आणि रोजनाम्यात नोंद न होणे ही माझी चूक होती, हे मी स्पष्ट लिहिले. निनावी अर्जाबद्दल लिहिताना मात्र मी अडलो. तो कोणी केला हे सिद्ध करायचे तर मध हा शब्द कुठे बोलला गेला ते सांगावे लागणार होते. आणि ते सांगायचे तर मी तिथे काय करीत होतो, हेही. ज्याच्या फिर्यादीचा तपास करायचा, त्याच्याच घरी मी तीन दिवस फुकट जेवत होतो, पावतीशिवाय. मी लिहिले: ‘हवालदाराने सदर बाब ठाणेदार दौऱ्यावर असताना त्यास कळविली. अर्जदाराचा शोध लागला नाही.’

पहिले वाक्य खरे होते. दुसरे खोटे होते.

निकाल पावसाळ्यात आला. हवालदाराची पेन्शन वाचली. परंतु अर्ज खोडसाळ असल्याचे शाबीत न झाल्यामुळे ‘भेट स्वीकारली’ म्हणून त्याला दिलेली लेखी ताकीद सेवापुस्तकात नोंदवली गेली. एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकातला तो एकच शेरा. मलाही नोंद न केल्याबद्दल समज मिळाली. मालगुजारांना काही झाले नाही. त्यांचे बैल पुढे एका दूरच्या बाजारात सापडले. विकणारा माणूस कोणी भलताच निघाला.

निवृत्तीच्या दिवशी हवालदाराने ताकिदीचा कागद मागून घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला आणि घडी करून परत दिला. “बराबर हाय साहेब,” तो म्हणाला. “टोपली तं घेतलीच होती म्या.” मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून तो घरी गेला. मी त्याला अडवून काही सांगू शकलो असतो. नेहमीप्रमाणे शब्द जुळवीत राहिलो, आणि तो फाटकाबाहेर गेला.

त्यानंतर नोकरीत मी अनेक डाल्या परत केल्या. मला लोक कडक म्हणत. खरे म्हणजे जी भेट टोपलीत येते ती ओळखायला अक्कल लागत नाही, म्हातारीची टोपली तर सगळ्या ठाण्याने पाहिली होती. जी ताटात वाढली जाते, थट्टेने आणि आपुलकीने, आणि नाही म्हणायला आपल्याला लाज वाटते, ती मला ओळखता आली नाही. ओळखली तेव्हा ती नोंदवण्याचे धैर्य झाले नाही. तिचा मोबदला मी दिला होता, आणि तो दुसऱ्याच्या सेवापुस्तकातून दिला होता.

त्या अहवालाची प्रत आता कुठे असेल, ठाऊक नाही. पण त्यात जे वाक्य राहून गेले ते मला अजून पाठ आहे, आणि ते कुठे तरी नोंदले जावे म्हणून हा सगळा खटाटोप केला. हवालदाराने भेटीची बाब कळविली, त्या वेळी ठाणेदार फिर्यादीच्या ओसरीवर जेवत होता.