आमदारांची मिठी

काल सत्काराला आलेल्या आमदारांनी शाळेपुढच्या जुन्या चिंचेला मिठी मारली आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. "झाडावर केवढी माया आहे बघा!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

माझे हात मात्र जुळेनात. निवडून येण्याआधी आमच्या घरासमोरच त्यांची लाकडाची वखार होती. उभं झाड विकत घेताना ते त्याला असंच कवेत घ्यायचे, डोळे मिटायचे आणि लाकूड किती निघेल ते सांगायचे. आता वखारीच्या जागी त्यांचं कार्यालय आहे. पण हातांची सवय कुठे जाते?

निघताना ते माझ्याकडे आले. "काय रे, ओळखलंस का?" म्हणाले, आणि मला कवेत घेऊन त्यांनी हळूच डोळे मिटले.