दुसरी शिंक

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत अशी वदंता आहे, की दुसऱ्या मजल्यावरच्या राधाबाईंना तपकिरीचं व्यसन लागलंय. कमळाबाईंनी त्यांना मोरीत, पदराआड डबी उघडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत ते खालच्या वाण्यालाही कळलं. यात डबी खरी, तपकीर खरी, व्यसन तेवढं खोटं. राधाबाईंना तपकिरीचा वासही सोसत नाही. त्यांना फक्त माहेरी जायचं होतं.

यंदाची, म्हणजे सत्तावन्न सालची उन्हाळ्याची सुट्टी. राधाबाईंची थोरली बहीण रमाताई लग्न होऊन हुबळीला गेलेली, ती दहा वर्षांनी देवगडला माहेरपणाला आली होती. पाऊस तोंडावर आला की कोकणची बोट बंद, आणि ती पुन्हा सुरू होईतो रमाताई परत हुबळीला. म्हणजे गाठ पडायची तर आत्ताच, नाहीतर कधी कोण जाणे.

वाटेत दोघे आडवे उभे होते. एक फ्लू आणि दुसरे नाना.

फ्लू देशोदेशी फिरून मुंबईत पोचला होता. राधाबाईंच्या बिऱ्हाडात तो सगळ्यांना झाला, बराही झाला, आणि डॉक्टरांनी आता खुशाल जा म्हणून सांगितलं. फ्लू बाजूला झाला. नाना होईनात.

नाना म्हणजे राधाबाईंचे यजमान, छापखान्यात कंपॉझिटर. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नेहमी पुढच्या रांगेत. अश्रुधूर सुटला तेव्हा सगळे पळाले, आपण पंचा ओला करून तोंडाला बांधला नि तिथेच उभे राहिलो, असं ते स्वतःच सांगतात. पण घराबाहेर पडताना कुणी शिंकलं, की हा वीर माघारी. वहाणा काढायच्या, कोट खुंटीला, घोटभर पाणी, आणि ते काम त्या दिवसापुरतं बंद. एरवी हे खपून जाई. साथीत अख्खी चाळच शिंकत होती. बोटीची तिकिटं काढायला निघाले, शेजारचे शामराव शिंकले. दुसऱ्या दिवशी निघाले, तर मीराबाई. पुढच्या खेपेला जिन्यापर्यंत पोचले, तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी. पोरांनी गॅलरीत 'कोकण झालंच पाहिजे' म्हणत मोर्चा काढला. नाना म्हणाले, मागणी रास्त आहे, पण शकुन नाही.

राधाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी नानांच्याच शास्त्रातलं पुढचं कलम काढलं. एक शिंक आडवी खरी, पण तिच्या पाठोपाठ दुसरी झाली तर पहिली कटते. हे कलम खुद्द नानांच्या आईचं, त्यामुळे त्यात फेरफार नाही. दुसरी शिंक कुणाची असावी, याबद्दल मात्र शास्त्र गप्प होतं.

दुसऱ्या दिवशी शामराव शिंकले, आणि लगेच दाराआडून मांजरीएवढी दुसरी शिंक आली. नाना थबकले, बोटं मोजली आणि चालू लागले. तिकिटं आली. मग खरेदीला, मग ट्रंकेला नवं कुलूप आणायला, दर खेपेला ती मांजर शिंकत राहिली.

तरीही नाना काही बोटीत चढत नाहीत, अशी पैज प्रस्तुत लेखकाने राधाबाईंशी लावली. लेखक चाळीचा नकलाकार, इथली प्रत्येक शिंक त्याच्या गळ्यात बसलेली; कोण केव्हा शिंकणार हे पाठ, त्यामुळे त्याला खात्रीच होती. जिंकला तर पोटभर पुरणपोळ्या, हरला तर दसऱ्यापर्यंत नानांची नक्कल बंद.

निघायचा दिवस आला. खाली व्हिक्टोरिया उभी, पोरं आत बसलेली. नानांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि शामरावांनी आपला वार चुकवला नाही.

नाना थांबले. दाराआड राधाबाईंनी चिमूट ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. डोळ्यांना धार लागली, पण शिंक येईना. रोजच्या चिमटीने नाक सरावलं होतं. नानांनी ट्रंक खाली ठेवली आणि एका पायातली वहाण काढली.

"ताई देवगडच्या धक्क्यावर वाट बघत बसेल हो," राधाबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी आता तपकिरीचं नव्हतं.

नानांनी हात पुढे केला. "ती डबी आण इकडे."

"कसली डबी?"

"घरभर वास मारतोय इतके दिवस. फ्लूने माझं नाकच गेलं असं वाटलं का तुला?"

त्यांनी मोठी चिमूट घेतली, मान वर केली, आणि असे शिंकले की पन्हाळीवरची कबुतरं उडाली.

"झाल्या दोन," नाना वहाण चढवत म्हणाले. "चल आता, तिसरी व्हायच्या आत."

बोट सगळ्यांना घेऊन गेली, लेखकाची पैजही गेली. ती शिंक, तिच्याआधीची ती वर गेलेली मान, सगळं हुबेहूब येतंय, पण दसऱ्याला अवकाश आहे. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.