हिरवळीचा राब

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गवत उपटण्यात गेल्या. भाताची असो की नागलीची, बेणणी कुणाला चुकली नाही. त्यामुळे कृषी विद्यापीठात शिकणारी माझी मुलगी जव्हारच्या आमच्या घरामागे गवत लावायला निघाली, तेव्हा मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिचा अभ्यास मैदानावरच्या हिरवळीचा. कोणती जात आमच्याकडच्या उन्हाळ्यात तग धरते, ते पाहायचं. तिने बारा वाफे केले. आठांना मोजून पाणी, चारांना थेंबही नाही. राखण माझ्याकडे, कारण शाळेला सुट्टी आणि मी मास्तर. मे उजाडला नि ते चार वाफे पेंढ्यासारखे पिवळे पडले. सोमवारी तिचे सर पाहणीला येणार होते. त्यांना पटलं तरच प्रबंध पुढे सरकणार.

रविवारी खोडाळ्याहून माझा थोरला भाऊ आला. वाफे बघून म्हणाला, "मास्तर, पोरीचं गवत मारलंस ना रे!"

"पाणी द्यायचं नाही, असं तीच सांगून गेलीय."

"मग भाजून काढ. राब भाजतो ना आपण, तसं. राखेवर कसं जोरात येतं बघ."

भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण नि पालापाचोळा पसरून जाळायचं, तो राब. शिकवायचे धडे मी विसरतो, हे मात्र हातांना पक्कं आठवलं. एक वाफा भाजून झाला. दुसऱ्यावर पाला पसरतोय तोच मुलगी जीपमधून उतरली.

"बाबा! ते मेलं नव्हतं, झोपलं होतं!"

भाऊ हळूच चहा प्यायला आत गेला. बायको दारातून म्हणाली, "चहापुरता गॅस कधी पेटवला नाही यांनी. हे बरं पेटलं!"

सोमवारी सर आले. मुलीने तोंड उघडायच्या आत मीच काळ्या वाफ्यापुढे उभं राहून गुन्हा कबूल केला. त्यांनी उकिडवं बसून राख सारली, बोटभर माती उकरली. खाली मुळं पांढरी, जिवंत.

"हा मोजणीतून वगळा," ते मुलीला म्हणाले. "बाकी अकरांवर काम होईल. याची नोंद मात्र वेगळी ठेवा."

पुढे चारही वाफ्यांना पाणी सुरू केलं, तर सगळ्यांत आधी आमचाच फुटला! भावाने फोनवर मला अर्धा तास शेती शिकवली. प्रबंध पुरा झाल्यावर मी मुलीला भीत भीत विचारलं, "आम्हा दोघांचं नाव घातलंस ना?"

"घातलंय की," ती म्हणाली. "'अपघाताने जळालेला वाफा' असं."

भावाला मी एवढंच सांगितलं, की आपण छापून आलोय.