पुजारिणीला विळा चालत नाही

मला विळा न देताच माझी नणंद आज मेली.

हो, मेलीच लिहिते. "गेली" लिहिलं असतं तर तिनेच विचारलं असतं, "कुठे गेली? कोणत्या दिशेने? वहिनी, नीट सांग."

खेळ चालवायची ना ती. मोघम बोललेलं तिला चालायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विद्याताई धुळ्याला कॉलेजात शिकवायची. पुण्यात असताना एक खेळ शिकून आली होती. टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. विद्याताई गोष्ट सांगणार, आपण काय करतो ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

माझे मिस्टर वारल्यावर तिने मला ओढून नेलं. "वहिनी, रविवारी भिंती बघत बसू नको. राक्षस मारायला ये."

मी सातवी पास. पण राक्षसांशी गाठ म्हटल्यावर गेले. सासरी सवय झालीच होती.

तिने मला पुजारीण केलं. मरायला टेकलेल्या माणसावर हात ठेवला की तो उठून बसतो, एवढी पॉवर.

मी म्हटलं, "छान. आता एक विळा दे."

"पुजारिणीला विळा चालत नाही. धारेचं काहीच चालत नाही. गदा घे."

"अगं, जन्म गेला माझा विळ्यावर. गदा काय पापडाचं पीठ कुटायला घेऊ?"

"नियम आहे."

शेजारचे इक्बालभाई टेलर, ते जादूगार. त्यांना चिलखत पाहिजे होतं, आणि जादूगाराला चिलखत बंद. ते म्हणायचे, "विद्याताई, अख्ख्या कॉलनीचे कपडे मी शिवायचे आणि मीच उघडा फिरायचं?"

माझी सून पूजा, ती योद्धा. ती मोबाइल पुढे करायची. "आत्या, हे सगळं आउटडेटेड आहे. नवीन रूल्समध्ये कोणीही काहीही घेऊ शकतं."

दर रविवारी हेच भांडण. राक्षस बिचारा ताटकळत उभा.

एकदा विद्याताईने फासा खाली ठेवला.

"पूजा, सगळ्यांना सगळं यायला लागलं तर तिघांनी मिळून कशाला जायचं? इक्बालभाईंच्या अंगावर चिलखत नाही, म्हणून तू त्यांच्यापुढे उभी राहतेस. आणि मी फुकट काही काढून घेत नाही. चिलखत घेतलं, जादू दिली. विळा घेतला, वहिनीच्या हाताला गुण दिला. बदल्यात काही द्यायचं नसेल, तर तो नियम कसला?"

मी म्हटलं, "मास्तरीणबाई, माझ्या चहातली साखर बंद केलीस. बदल्यात काय दिलं?"

सगळे हसले. तीसुद्धा.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशात रविवारी बसते आणि सोमवारी नदीवर बोळवतात ती देवी.

मिस्टरांचं वर्ष झाल्यावरची ती पहिलीच कानबाई. आम्ही सगळे गावच्या घरी. मी थोरली सून, लग्न होऊन आल्यापासून विसर्जनाला देवी डोक्यावर घेऊन नदीपर्यंत मीच जायचे. नाचत. सोमवारी सकाळी वाजंत्री सुरू झाली, मी पदर खोचला आणि पुढे झाले.

काकू, म्हणजे आमच्या चुलत सासूबाई, म्हणाल्या, "तू मांगे चाल. आते धाकली लेई." म्हणजे विधवेने मागे चालायचं, देवी आता धाकटी जाऊ घेणार.

मी. जी सगळ्या गावाला चिडवते. खोचलेला पदर सोडला आणि मागे सरकले.

आणि माझी नणंद, नियमाची एवढी पक्की, ती पुढे आली.

आवाज चढवला नाही. टेबलावर बोलायची तशीच बोलली.

"काकू, हे वहिनीकडून काढून घेतलं. बदल्यात तिला काय दिलं?"

"आमनी रीत शे ती. तोंड आवर, विद्ये. बठ्ठा लोके देखी राह्यनात."

"देखू द्या. दादा तिचा नवरा होता, तसा माझा भाऊ होता. माझं काय बंद केलं तुम्ही? मला कोणी म्हटलं, मागे चाल?"

वाजंत्री थांबली.

एवढीशी बाई. चष्मा नाकावर घसरलेला. समोर पाटावर देवी होती नटूनथटून, पण खरं सांगते, माझी नजर विद्याताईवरून हटेना. अंगावर काटा आला होता. हिला मी इतकी वर्षं चहावरून चिडवत होते!

काकू वाकल्या, चुंबळ उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

नदीपर्यंत नाचले मी. रडत नाचले. ती बाजूने चालत होती. "हळू गं वहिनी, देवी पाडशील."

पुढच्या रविवारी मी टेबलावर हात आपटला. "रीत मोडलीस ना? काढ माझा विळा!"

"नाही."

"का पण?"

"मागच्या खेळात इक्बालभाई मेलेच होते. कोणी उठवलं? तुला तुझं मिळालंय. गदा घे."

अशी बया.

आज सकाळी तिचं हृदय बंद पडलं. चहा गॅसवरच होता.

दुपारी गावी आणली. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, मी खांदा देणार. भाऊबंदातले एक आबा म्हणाले, "बायांनी दारापर्यंत यायचं."

आणि आता माझ्या बाजूने बोलायला विद्याताई नव्हती. मीच तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"तिले जाऊ द्या. भाऊना जागावर तीच शे."

काकू.

आबांनी जागा करून दिली. मी खांदा दिला. थोडं पुढे गेल्यावर मागे वळून बघितलं तर काकू काठी टेकत येत होत्या. दारापर्यंत नाही, नदीपर्यंत आल्या. तुझी चिता पेटेपर्यंत उभ्या होत्या.

विद्याताई, एवढी बारीक तू, आणि खांद्याला केवढी जड लागलीस गं.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही. वयाने मी मोठी, तरी आज वाकून नमस्कार करते तुला.

नीट जा.