नऊ नंबरचे टोमॅटो

"नऊ नंबर बाद करा, सामंतबाई." दळवीसाहेबांनी फाइल मिटली. "चार नंबरचं वजन बघा. तुमच्या नऊच्या दीडपट आहे."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साकीनाक्याला आमच्या बियाणं कंपनीचं ऑफिस होतं. मी टोमॅटोचे वाण तपासायचे, म्हणजे वेगवेगळ्या जाती एकाच जमिनीत, सारख्याच पाण्यावर लावून कुठली टिकते ते बघायचं. ट्रायल प्लॉट होता जोधपूरजवळ, वाळवंटात. नऊ नंबर मी चार वर्षं खपून तयार केला होता. एकदा बाद झाला की त्याचं बी पुन्हा कोणी लावणार नव्हतं.

मी नुकतीच तिकडे जाऊन आले होते. चार नंबरची झाडं उंच, पानं विरळ, फळं उन्हात उघडी. ती भाजून त्यांवर पांढरे चट्टे पडत. नऊ नंबर बुटका, पण फळं पानांखाली झाकून बसलेला. मग घोडं अडलं कुठे? वजनाचा फॉर्म काढला आणि कपाळावर हात मारला. रकाना एकच, 'वजन'. भाजलेलं फळही त्यातच जमा. आणि फॉर्म छापून घेतलेला मीच.

लाज वाटली, पण सांगून टाकलं. "साहेब, चूक माझी आहे. पुढचा तोडा, म्हणजे पुढच्या खेपेला तोडलेली फळं, इथे मागवा."

"गाडीत सडेल ना तो."

"सडला तर सडला. तेही कळू दे."

दोन्ही वाणांच्या दहा-दहा झाडांचा माल आला. खोक्यांवरचे नंबर मी झाकले आणि कॅन्टीनच्या परबमावशींना बोलावलं. मूळच्या मालवणच्या, राहायला वाकोल्याला. भाजीवाले त्यांना टरकून असत.

"मावशी, चांगले तेवढे निवडा."

एकेक फळ दाबून, फिरवून त्यांनी मोठा ढीग बाजूला सारला. "हे फुकट दिलस तरी माका नको."

तो जवळजवळ सगळा चार नंबर निघाला. निवडलेला माल साहेबांनी स्वतः तोलला. नऊ नंबर चांगलाच पुढे होता. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

"तुमचा नऊ नंबर राहिला, बाई," साहेब म्हणाले. "आता तो फॉर्म बदला."

नऊ नंबरचं बी पुढे बरीच वर्षं राजस्थानात विकलं गेलं. अजून ऊर भरून येतो. पण त्याहून जास्त टिकला तो दोन रकान्यांचा फॉर्म. पहिला, तोडलेलं वजन. दुसरा, निवडलेलं वजन. काटा विचारू तेवढंच सांगतो. काय विचारायचं, ते आधी मावशींना विचारावं.