मुलाकडच्यांसाठी घेतलेला जहाजावरचा सूट

दुकानात साड्या बघता बघता बायका हल्ली फिरायला जाण्याचं बोलतात. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची सून हैदराबादला. मोबाईलवर जहाजाचे फोटो येतात आणि मग विषय आमच्यापर्यंत येतो, कारण आम्ही जाऊन आलेलो. सूट घ्यावा की साधी खोली, असं कुणी विचारलं की आमचे हे गल्ल्यावरून सुरू होतात. चढताना वेगळी रांग, हाताशी एक खास माणूस, नाटकाच्या हॉलमध्ये पुढची जागा, बाल्कनी केवढी तर चार खुर्च्या टाकून वर चालायला जागा. ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिथेच राहिले होते. आम्ही दोघं राहिलो खालच्या मजल्यावरच्या साध्या खोलीत. सूट आम्ही व्याही आणि विहीणबाईंना घेऊन दिला होता. हेही ते सांगतात, जरा आवाज चढवूनच सांगतात, आणि बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान खाली घालून साड्यांच्या घड्या घालायला लागते.

खरं तर असल्या सवलतींना भुलणारी मी नव्हे. लाखनीत हायवेला लागून आमचं दुकान आहे आणि त्यावर ‘फॉल-पिको फुकट’ अशी ठळक पाटी आहे. फुकट कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको. तरीही मी सूट घेतला. का घेतला, ते यांनाही नीट माहीत नाही, किंवा माहीत असून ते बोलत नाहीत.

मुलीनं लग्न स्वतः जमवलं. जावई चिखल्याचे. व्याही तिथल्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले, विहीणबाई दवाखान्यात नर्स होत्या. ते बौद्ध, आम्ही नाही. नातेवाइकांत कुजबुज झाली तेव्हा मीच सगळ्यांना गप्प केलं. मुलगा शिकलेला, घर शिकलेलं, अजून काय पाहिजे, असं मी भर बैठकीत म्हणाले. आणि ते मी मनापासून म्हणाले होते. लग्न भंडाऱ्याला लॉनवर झालं, जेवण केटररचं होतं, सगळे एकाच मांडवात जेवले. मला वाटलं, पार पडलं एकदाचं.

अडलं ते नंतर. विहीणबाईंचा जेवायला या म्हणून फोन आला. मी हो, नक्की येतो म्हणाले आणि फोन कानाला असतानाच भिंतीवरचं कॅलेंडर उलटायला लागले. बोट जाऊन थांबलं ते संकष्टी चतुर्थीवर. त्या दिवशी आम्ही चिखल्याला गेलो.

संकष्टी मी माहेरी असल्यापासून करते, त्यात काही खोटं नाही. लबाडी होती ती दिवस निवडण्यात. चंद्र पाहिल्याशिवाय मी शिजवलेलं काही घेत नाही, असं मी सांगितलं. आणि चंद्र उगवायच्या आत परतीची शेवटची बस निघून जाते. एवढं सगळं जुळून आल्यावर माझा काय दोष? विहीणबाईंनी केळी पुढे केली. केळं मी खाल्लं. केळ्याला साल असते.

पुढच्या वेळी एकादशी निघाली, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा संकष्टी. गणपतीला मी असं आपल्या कामाला जुंपलं होतं. यांचा उपास नसायचा, तर यांची अ‍ॅसिडिटी उभी राहायची. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय म्हणायचे आणि फक्त चहा घ्यायचे. परत येताना तुमसरच्या स्टँडवर हेच गृहस्थ उभ्या उभ्या समोसे खायचे, आणि ते तेल कुठलं, तळणारा कोण, हे मी कधी विचारलं नाही. विहीणबाईंनी आग्रह करणं सोडलं. पुढे पुढे तर आम्ही पोचायच्या आधीच टेबलावर ताटलीत केळी मांडलेली असत.

मुलगी आणि जावई पुण्याला राहतात, तरी मुलीच्या सगळं लक्षात येत होतं. ती भांडलीही नाही, रुसलीही नाही. तिनं आणि जावयांनी आम्हा चौघांना मिळून मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची सहल भेट दिली. गोवा, लक्षद्वीप आणि परत. दोन खोल्या, शेजारी शेजारी. फोनवर म्हणाली, "आई, तुमी चौघं एका टेबलावर जेवून राहिले, असा एक फोटो पाठव मले. बाकी काई नको."

मी हसून बरं म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर कॅलेंडर उलटलं. जहाजावर शेवटची बस नाही. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ चौघांनी एकत्र खायचं, आणि सहलीत संकष्टी एकच. बाकीचे दिवस काय सांगायचं? आज मागे वळून बघते तर हसू येतं, कारण जहाजावर विहीणबाई थोड्याच रांधणार होत्या! पण तेव्हा माझं डोकं असं सरळ चालत नव्हतं. एकदा टेबलावर बसले, एकमेकींच्या ताटात वाढलं, विहीणबाईंनी आपल्या ताटातलं माझ्या ताटात ठेवलं, की मग चिखल्याला जाऊन कोणत्या तोंडानं केळं खायचं, ही भीती होती. इथे बसले की तिथेही बसावं लागेल.

भंडाऱ्याच्या एजंटला मी सहज फोन केला, सामानाचं विचारायला. तो पोरगा बोलका निघाला. सूटचे फायदे सांगत सुटला आणि शेवटी म्हणाला की सूटवाल्यांचा जेवणाचा हॉल वेगळा असतो, साध्या खोलीवाल्यांना तिथे प्रवेश नसतो. मी त्याला पुन्हा विचारलं, अजिबात प्रवेश नसतो? त्याला वाटलं मी तक्रार करते आहे. तो घाईघाईनं समजावू लागला की मॅडम, नियमच आहे तसा. तेवढ्या एका नियमासाठी मी वरचे पैसे भरून व्याह्यांच्या खोलीऐवजी सूट घेतला. बाकीचे फायदे मला फुकट मिळाले.

आणि कारण तर आयतं तयार होतं. मुलाकडचा मान. आपल्याकडे व्याह्यांना वरची जागा द्यायची रीतच आहे, त्यांना गादी आणि आपल्याला सतरंजी. त्यात कुणी काय खोट काढणार? यांना ते फार आवडलं. मुलीला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "तू असं करशील, मले वाटलंच नोतं आई," म्हणाली. मी फोन लवकर ठेवला.

मुंबईला बंदरावर रांगा वेगळ्या झाल्या. त्यांना एका बाजूनं थंड सरबत देऊन नेलं, आम्ही दोरीच्या अलीकडे पिशव्या सरकवत उभे राहिलो. विहीणबाई दोरीपलीकडून वळून वळून बघत होत्या. नंतर त्या आमची खोली शोधत खाली आल्या. आम्ही त्यांच्या मजल्यावर जाऊ शकतो का, हे त्यांनी विचारून ठेवलं होतं. खोलीत पाहुणे येऊ शकतात, जेवणाच्या हॉलमध्ये नाही. मी म्हणाले, राहू द्या, तुम्ही आराम करा, जेवणं आपापल्या जागी होतील. त्या बरं म्हणाल्या. नर्सचं काम केलेली बाई, समोरच्याला कुठे दुखतं आहे हे बघायची त्यांना सवय. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं त्यांनी.

आम्ही मोठ्या हॉलमध्ये जेवलो. हे तर लग्नातल्यासारखे सुटले. मीही ताट घेऊन फिरले. कुणी डाळ वाढली, कुणी रोटी टाकली, एकानं गुलाबजाम दिला, मी देवळातल्या प्रसादासारखा तो खाल्ला. शेजारच्या टेबलावर अनोळखी लोक होते, त्यांनी आपल्या बशीतली लोणच्याची फोड मला दिली. तीही मी खाल्ली. आणि ती तोंडात असतानाच मला चिखल्याचं केळं आठवलं. फोड गिळली, पण नंतर काही खावंसं वाटलं नाही. यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हणाले, जहाज हलतंय.

दुसऱ्या दिवशी व्याही डेकवर भेटले. खाणीत आयुष्य काढलेला माणूस, उघड्या आभाळाखाली खुर्ची टाकून अगदी निवांत बसला होता. सूट कसा आहे, यांनी विचारलं. व्याही म्हणाले, छान आहे, पलंग तर एवढा की एकमेकांना हाक मारावी लागते. मग जरा थांबून म्हणाले, "जेवाच्या हॉलात आमचं दोघाचंच टेबल हाये. तो वेटर रोज विचारते, तुमच्या सोबतचे लोकं कुठी हायेत म्हणून." यांनी समुद्राकडे बघून हवा छान सुटली आहे असं काहीतरी म्हटलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठताही आलं नाही.

फोटो राहिलाच होता. मुलगी मेसेज करत होती, मी समुद्राचे फोटो पाठवत होते.

संकष्टीच्या दिवशी सकाळी विहीणबाई खाली आल्या आणि दारातच म्हणाल्या की संध्याकाळी चौघांचं जेवण वर सूटच्या बाल्कनीत सांगितलं आहे, तो खास माणूस सगळी मांडामांड करणार आहे. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "आज माझी चतुर्थी हाये."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "म्हणून तं आजच बोलावलं. चंद्र आमच्याच बाल्कनीतून दिसते, मी विचारून घेतलं. दिसला का मंग बसू. इथं काई बस पकडाची नाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी चार शब्द सुनावले असते, तेवढं तोंड मला आहे. हे असं साधं बोलणं आलं आणि मी येते म्हणून बसले.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. विहीणबाईंनी लग्नात आम्ही दिलेली आहेराची साडी नेसली होती. बाल्कनीत टेबल, चार खुर्च्या, पांढरा कपडा. आम्ही चंद्राची वाट बघत बसलो. त्यांना उपास नव्हता, तरी दोघांनीही माझ्यासोबत काही खाल्लं नव्हतं. व्याह्यांच्या पोटातला आवाज मला ऐकू आला तेव्हा मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. शेवटी पाण्याच्या कडेला लालसर चंद्र वर आला. मी हात जोडले. काय मागावं ते मला सुचेना.

झाकणं काढली. वरण, भात, वांग्याची भाजी, तुपाची वाटी. एवढ्या मोठ्या जहाजावर त्यांनी वरण-भात करून घेतला होता. खास माणूस वाढायला पुढे झाला, पण विहीणबाईंनी त्याच्या हातातून पळी घेतली आणि माझ्या ताटात भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप. मी ताटाकडे बघत राहिले. क्षणभरच असेल, पण त्यांनी ते बघितलं.

"घ्या विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी नाई रांधलं."

त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. हे आणि व्याही फोटो काढायला त्या माणसाला मोबाईल देत होते. त्यानं हसा म्हटलं, आम्ही हसलो. मी जेवले. भात चांगला होता, ताट मी पूर्ण संपवलं. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी या वयात कळलं. समोरची बाई मला अजून वांगं हवं का विचारत होती.

फोटो मी मुलीला पाठवला. तिनं तो मोबाईलवर लावला आहे, अजूनही तोच आहे. तिला फोटोत तिची आई हसताना दिसते.

परत आल्यावर दुकान, लग्नसराई, गर्दी, असं करत दिवस ढकलले. जहाजावरचं जेवण जहाजाच्या आचाऱ्याचं होतं, ते खाऊन मी काही मोठं केलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि विहीणबाईंनाही. शेवटी एका रविवारी मीच त्यांना फोन करून दुपारी येते म्हणून सांगितलं. यांना दुकानात ठेवलं आणि एकटी बसनं चिखल्याला गेले.

दार उघडलं, पाणी दिलं. टेबलावर ताटलीत केळी मांडलेली होती. स्वयंपाकघरात सगळं आवरून ठेवलेलं. त्या दोघांचं माझ्या येण्याआधीच जेवून झालं होतं, म्हणजे मला बघत बसावं लागू नये. मला रडू यायला लागलं, पण रडून त्यांच्याकडून समजूत काढून घ्यायची नव्हती. मी म्हणाले, "मी सकाळपासून जेवली नाई. भात टाकाल का?"

विहीणबाई भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेल्या, चष्मा लावून त्यांनी आजची तारीख शोधली, तिच्याखाली काही लिहिलं आहे का ते बघितलं, आणि मगच तांदळाच्या डब्याला हात लावला.